धुराची मर्यादा

मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर मालकाचे नाव, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार यांच्या जोडीला एक छोटी नोंद असते आणि गाडी घेणारा माणूस सहसा तिच्याकडे पाहत नाही. भारत स्टेज तीन, भारत स्टेज चार किंवा भारत स्टेज सहा, म्हणजे धुराच्या नियमांचा तिसरा, चौथा किंवा सहावा टप्पा, असे तिथे लिहिलेले असते. त्या गाडीला दर किलोमीटरमागे किती विषारी वायू आणि किती काजळी हवेत सोडण्याची परवानगी मिळाली, हे त्या नोंदीवरून कळते. आपल्याकडे गाडी पंधरा-वीस वर्षे सहज चालते. ती बाजारात आली त्या दिवशीचा नियमच तिला शेवटपर्यंत लागू राहतो. पुढे नियम कितीही कडक झाला तरी तो तिच्या सायलेन्सरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून नियम किती कडक आहे यापेक्षा तो कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या गावासाठी लागू झाला, हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करत आला आहे.

आपल्या देशात या नियमांचा इतिहास जेमतेम साडेतीन दशकांचा आहे. १९८९ साली उभ्या गाडीच्या धुरावर पहिली मर्यादा आली. १९९१ साली पेट्रोल मोटारींसाठी आणि १९९२ साली डिझेल वाहनांसाठी, धावत्या गाडीने किती प्रदूषके सोडावीत याचे आकडे प्रथमच ठरले. १९९१च्या नियमानुसार पेट्रोल मोटारीला तिच्या वजनाप्रमाणे किलोमीटरला १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडता येत असे. १९९६ साली ही मर्यादा ८.६८ ते १२.४ ग्रॅमवर आली, २००० साली २.७२ ग्रॅमवर, आणि आज ती १ ग्रॅम आहे. डिझेल मोटारीच्या काजळीचा उतार तर याहूनही मोठा आहे. २००० साली किलोमीटरला ०.१४ ग्रॅम काजळी चालत होती. २०२० सालापासून ०.००४५ ग्रॅमच चालते. दशांश चिन्हानंतरच्या या शून्यांवरून मनात काही चित्र उभे राहत नाही, म्हणून मी ते दहा हजार किलोमीटरच्या हिशेबात मांडून पाहिले. कागदावरच्या मर्यादेप्रमाणे तेवढ्या अंतरात जुनी डिझेल मोटार १ किलो ४०० ग्रॅम काजळी सोडू शकत होती आणि नवी सोडू शकते ४५ ग्रॅम. सुमारे एकतीस नव्या गाड्या मिळून एका जुन्या गाडीइतकी काजळी होते. हा हिशेब मांडल्यापासून रस्त्यावर पुढे चाललेल्या जुन्या डिझेल गाडीचा काळा लोट पाहिला की ती एक गाडी मला एक गाडी वाटत नाही.

हे आकडे खाली आणण्यासाठी इंजिनात नेमके काय करावे लागले, हे समजून घेताना मला या विषयाची खरी गोडी लागली. इंधन पूर्ण जळाले तर निघतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. पण सिलिंडरमध्ये ज्वलनाला सेकंदाचा अगदी लहानसा भाग मिळतो. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेली हायड्रोकार्बने उरतात; उष्णता फार वाढली तर हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. एक दोष कमी करायला जावे तर दुसरा वाढतो. डिझेल इंजिनात ही ओढाताण विशेष तीव्र असते, कारण ज्वलन थंड ठेवले तर काजळी वाढते आणि प्रखर केले तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. पहिल्या दोन टप्प्यांत हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची एकत्रित मर्यादा होती, त्यामुळे निर्मात्याला एकाची भरपाई दुसऱ्यात करता येत होती. तिसऱ्या टप्प्यापासून नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी स्वतंत्र मर्यादा आली, तेव्हा ती पळवाट बंद झाली. केवळ ज्वलन सुधारून भागेनासे झाले आणि धूर इंजिनातून बाहेर पडल्यावर त्याला स्वच्छ करण्याच्या यंत्रणेवर अधिकाधिक भार आला.

पेट्रोल गाडीत हे काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर दिलेल्या जाळीतून धूर जातो आणि तिन्ही प्रदूषकांचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंमध्ये रूपांतर होते. मात्र त्यासाठी एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण सतत सांभाळावे लागते. ते कार्ब्युरेटरला जमणारे नव्हते. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला, त्याच्या सांगण्यावरून क्षणाक्षणाला इंधन कमी-अधिक करणारे इंजेक्शन आले आणि गॅरेजमध्ये कान लावून, स्क्रू फिरवून कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात स्कॅनर आला. एका शासकीय अधिसूचनेतल्या ग्रॅमच्या आकड्याने एका कारागिरीचे रूप असे आमूलाग्र बदलून टाकले. दुचाकीपर्यंत हा बदल पोहोचायला २०२० साल उजाडावे लागले.

पण कन्व्हर्टर नुसता बसवून काम भागत नाही, कारण पेट्रोलमधले शिसे त्याच्या थरावर बसून त्याला कायमचे निकामी करते. १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्याच शहरांत शिसेविरहित पेट्रोलही द्यावे लागले. देशात सर्वत्र मात्र ते २००० सालच्या फेब्रुवारीत आले. मधल्या काळात महानगराबाहेर लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीत शिसेयुक्त पेट्रोल भरले गेले, तर महागडा कन्व्हर्टर सायलेन्सरमधला एक निरुपयोगी डबा होऊन बसण्याची भीती असे. गाडीचा नियम आणि इंधनाचा नियम एकमेकांना सोडून चालू शकत नाहीत, हा धडा या संपूर्ण इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येतो.

शिशानंतर पाळी आली गंधकाची, आणि माझ्या मते भारतातल्या या साऱ्या प्रवासाचे मर्म गंधकातच आहे. कच्च्या तेलातले गंधक शुद्धीकरणात काढले नाही तर ते डिझेलमध्ये उतरते. ते जळून स्वतः प्रदूषण करतेच, शिवाय धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेला निकामी करते. दुसऱ्या टप्प्याच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालत होते, तिसऱ्यात ३५०, चौथ्यात ५० आणि सहाव्यात अवघे १०. काजळी अडवणारी गाळणी किंवा युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे मोडणारी यंत्रणा जगात कधीचीच उपलब्ध होती. ती सर्वत्र बसवता येत नव्हती, कारण पंपावर मिळणारे डिझेल तिला सोसवणारे नव्हते. म्हणजे नियम कधी कडक होणार हे गाडीच्या कारखान्यापेक्षा तेलशुद्धीकरण कारखान्यात अधिक ठरत होते. हायड्रोजनच्या साहाय्याने गंधक काढून टाकणारी संयंत्रे उभारायला हजारो कोटी रुपये आणि काही वर्षे लागतात. वाहन उद्योग म्हणे, आधी इंधन द्या. तेल कंपन्या म्हणत, गुंतवणुकीला वेळ द्या. या दोघांच्या मध्ये श्वास घेणाऱ्या माणसाची बाजू मांडणारे पुष्कळ काळ कोणी नव्हते.

ती बाजू न्यायालयात मांडली गेली. दिल्लीच्या हवेविषयी पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दाखल केलेल्या याचिकेतून निघालेल्या आदेशांनी या देशाच्या वाहनधोरणाला जेवढी गती दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने दिली असेल. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा १९९८चा आदेश सर्वांना आठवतो. त्यामानाने विस्मृतीत गेलेला आदेश २९ एप्रिल १९९९चा आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात खासगी मोटारी १ जूनपासून युरोपातल्या पहिल्या टप्प्याच्या आणि १ एप्रिल २००० पासून दुसऱ्या टप्प्याच्या असल्या पाहिजेत, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. वर्षभराचीही मुदत नव्हती, आणि तरीही दुसऱ्या टप्प्याच्या गाड्या दिल्लीत विकल्या गेल्या. हे शक्य होते, हे त्या एका वर्षाने सिद्ध केले. तोच दुसरा टप्पा उर्वरित देशाला मात्र २००५ साली सक्तीचा झाला.

न्यायालयाच्या आदेशामागून आदेशाने धोरण चालवणे योग्य नव्हे, याची जाणीव सरकारलाही झाली आणि २००१ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून २००३ साली वाहन इंधन धोरण ठरले. त्याने देशाला प्रथमच एक वेळापत्रक दिले. २००५ साली देशभर दुसरा टप्पा आणि अकरा मोठ्या शहरांत तिसरा; २०१० साली देशभर तिसरा आणि त्या शहरांत चौथा. वेळापत्रक हाती असले की उद्योग आपली गुंतवणूक ठरवू शकतो आणि टाळाटाळीला जागा उरत नाही, म्हणून या धोरणाचे मोल मी कमी लेखत नाही. त्यातली शहरे आणि उर्वरित देश अशी वाटणी मात्र मला कधी पटली नाही.

त्या वाटणीचे कारण व्यवहाराचे होते. साऱ्या देशाला पुरेल इतके कमी गंधकाचे इंधन तयार होत नव्हते, आणि जिथे गाड्या दाट तिथे ते आधी द्यावे हा विचार वरवर पाहता रास्तच होता. पण २०१० साली चौथा टप्पा प्रत्यक्षात अकराऐवजी तेरा शहरांत आला, त्यांत आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, आणि नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, नागपूर नव्हती. त्या गावांतल्या माणसाची फुप्फुसे काही वेगळ्या घडणीची नसतात. त्यातून नवी गाडी शहराबाहेरच्या पत्त्यावर नोंदवून शहरात वापरता येत होती, आणि मालवाहू ट्रक तर देशभर फिरणारे असल्यामुळे शिथिल नियमावरच बनत राहिले आणि त्याच तेरा शहरांच्या रस्त्यांवरून रात्रभर धावत राहिले. मारुती ८०० ही गाडी चौथ्या टप्प्यात बसत नव्हती, म्हणून २०१० साली त्या शहरांतून तिची विक्री थांबली. अन्यत्र ती पुढेही विकली गेली आणि तिचे उत्पादन थेट २०१४च्या जानेवारीत संपले. शहरासाठी जी गाडी पुरेशी स्वच्छ नाही असे कायद्यानेच ठरवले, ती लहान गावाला मात्र चालेल, असा याचा अर्थ होतो. तो अर्थ कोणी मुद्दाम योजला होता असे मी म्हणत नाही, पण सात वर्षे आपण त्याच्यासह जगलो. ट्रकमधली आधुनिक यंत्रणा तर अशा दुभंगलेल्या व्यवस्थेत टिकलीच नसती, कारण वाटेतल्या कोणत्या पंपावर कोणते डिझेल टाकीत पडेल याची शाश्वती नव्हती. अखेर १ एप्रिल २०१७ पासून चौथा टप्पा साऱ्या देशाला लागू झाला.

त्या दिवसाच्या आधीची घटना अनेकांच्या लक्षात असेल. वाहन कंपन्यांची समजूत अशी होती की बंदी उत्पादनावर आहे आणि आधी बनवलेल्या गाड्या नंतरही विकता येतील. पूर्वीच्या टप्प्यांच्या वेळी तसेच झाले होते. देशभर तिसऱ्या टप्प्याची सुमारे ८ लाख २४ हजार वाहने विक्रीविना पडून होती. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १ एप्रिलपासून ती विकताही येणार नाहीत आणि नोंदवताही येणार नाहीत. लोकांच्या आरोग्यापुढे उत्पादकांचे व्यापारी हित मोठे ठरू शकत नाही. उरलेल्या दोन दिवसांत दुचाकींच्या दुकानांतून मोठ्या सवलती जाहीर झाल्या आणि गर्दी उसळली. स्वस्तात गाडी मिळालेल्या कुटुंबांना मी दोष देत नाही. अनेकांची ती पहिलीच गाडी असेल. निकालाचे महत्त्व मला पुढच्या काळासाठी वाटते. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने सहाव्या टप्प्याबाबत हीच भूमिका दीड वर्ष आधीच स्पष्ट केली, तेव्हा तारीख म्हणजे तारीख हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

सहाव्या टप्प्याचा निर्णय मला या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. सौमित्र चौधुरी समितीने २०१४ साली पाचवा टप्पा २०२० पासून आणि सहावा २०२४ पासून सुचवला होता. ६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की पाचवा टप्पा गाळून २०२० सालीच सहावा लागू होईल. गाळणी आणि युरियाची यंत्रणा दोन्ही एकाच वेळी बसवून, भारतीय रस्त्यांवर आणि भारतीय वेगांवर त्यांची चाचणी घेऊन इतक्या कमी काळात तयार व्हायचे होते. २०१७च्या नोव्हेंबरातल्या दाट धुरक्यानंतर दिल्लीला सहाव्या टप्प्याचे इंधन दोन वर्षे आधी, म्हणजे १ एप्रिल २०१८ पासून मिळाले. देशाला ते २०२० साली मिळाले, आणि गाड्यांच्या नियमात तरी या वेळी कोणतेही शहर पुढे आणि कोणतेही गाव मागे नव्हते. युरोपने पहिला टप्पा १९९२ साली आणला होता आणि आपण २००० साली. सहाव्या टप्प्यात ते आठ वर्षांचे अंतर साधारण साडेपाच वर्षांवर आले.

यात डिझेल मोटारीला मिळत आलेले झुकते मापही बरेच कमी झाले. चौथ्या टप्प्यापर्यंत डिझेल मोटारीला नायट्रोजनची ऑक्साइडे पेट्रोल मोटारीच्या तिप्पट सोडता येत होती, किलोमीटरला ०.०८ ग्रॅमऐवजी ०.२५ ग्रॅम. सहाव्या टप्प्यात हे आकडे ०.०६ आणि ०.०८ झाले. २०१४ साली डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त होईपर्यंत स्वस्त डिझेलमुळे लोक मोठ्या संख्येने डिझेल मोटारींकडे वळले होते, आणि ती सारी वर्षे या तिप्पट सवलतीचीच होती. सहाव्या टप्प्याचा खर्च लहान डिझेल इंजिनाला परवडेना, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने २०२० साली डिझेल मोटारी बंदच केल्या. धुराची खरी किंमत गाडीच्या किमतीत आली की ग्राहकाची निवड कशी बदलते, हे त्यातून दिसले.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही संस्था आहे. मोटार रस्त्यावर येण्याआधी ज्या मोजक्या संस्थांमध्ये तिच्या धुराची परीक्षा होते, त्यांपैकी ही एक. गाडीची चाके रोलरवर ठेवतात, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने ती जागच्या जागी चालवतात आणि धूर मोजून घेतात. टेकडीवरून फिरताना त्या इमारतींकडे पाहिले की मला नेहमी वाटते, आपल्या श्वासाशी इतका थेट संबंध असलेली परीक्षा आपल्या इतक्या शेजारी होते आणि तिच्याविषयी आपण किती कमी बोलतो. मोटारींच्या या परीक्षेतला वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, चढ नाही, खड्डा नाही, एसी चालू ठेवून सिग्नलला थांबणे नाही. आणि परीक्षेचा क्रम आधी माहीत असेल तर परीक्षेपुरते चांगले वागणेही शक्य असते. २०१५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतीच धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण चालवणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असल्याचे कंपनीने मान्य केले. भारतातही ३ लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला सहाव्या टप्प्याचा दुसरा भाग मला आकडे खाली येण्याइतकाच मोलाचा वाटतो. त्यात गाडीच्या मागे मोजणीचे उपकरण बांधून ती खऱ्या रस्त्यावर, खऱ्या रहदारीत चालवली जाते आणि तिथला धूरही मर्यादेशी ताडून पाहिला जातो.

इतके होऊनही एक जागा मोकळी राहिली आहे. कारखान्यातून निघताना गाडी कशी होती हे आपण आता नीट तपासतो, पण पुढच्या पंधरा वर्षांत ती कशी राहिली हे तपासण्याचे साधन म्हणजे पीयूसी केंद्र. तिथे पेट्रोल गाडीच्या उभ्या इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने मोजतात, तर डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत आणि सूक्ष्म कण मोजले जात नाहीत. सहाव्या टप्प्याच्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे सोडता येणाऱ्या कणांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा आहे, आणि ती पाळली जाते ती केवळ गाळणीमुळे. शहरातल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत ही गाळणी पुरेशी तापत नाही, साठलेली काजळी जळून जात नाही, ती तुंबते, दिवा लागतो, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून ती काढूनच टाकण्याचा मोह होतो. गाळणी फुटलेली वा काढलेली गाडी धूरमापकाच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होऊ शकते, कारण ज्या कणांसाठी ती गाळणी बसवली ते डोळ्याला दिसत नाहीत आणि त्या यंत्रालाही धड दिसत नाहीत.

यावर उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. बेल्जियमने २०२२ साली, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ साली गाळणी असलेल्या डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कण मोजणारे उपकरण आणले. उभ्या गाडीच्या सायलेन्सरला नळी लावून थोड्याच वेळात ही मोजणी होते आणि गाळणी शाबूत आहे की नाही हे निःसंशय कळते. आपल्याकडे २०२० साली विकल्या गेलेल्या गाड्या २०३५ सालीही रस्त्यावर असतील. त्यांच्यासाठी आपण जे इंधन बनवले, जी यंत्रणा बसवली आणि तिची जी किंमत प्रत्येक खरेदीदाराने मोजली, ती वाया जाऊ द्यायची नसेल, तर सातवा टप्पा येण्याच्या आत हे उपकरण पीयूसी केंद्रांत यायला हवे, आणि शहर-गाव असा भेद न करता एकाच तारखेला यायला हवे.